पांढऱ्या चकतीवरचं कुंकू

एकतीस वर्षं मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. आधी परिचर, नंतर सहायक. माझ्या नावावर एकही शोध नाही. एक चूक मात्र आहे, आणि ती एका पीएच.डी.च्या प्रबंधात आकृतीसह बांधलेली आहे. या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीबद्दल काहीही लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा मला आधी तीच आठवली. बाकी माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं होतं काय? काच फुटली, गॅस संपला, मुलांनी मीटर जाळला, हेच.

नोकरी मला अनुकंपा तत्त्वावर मिळाली. माझे मालक त्याच लॅबमध्ये परिचर होते. ते तापाचं निमित्त होऊन गेले आणि दीड वर्षाने त्यांच्याच खुर्चीवर मी बसले. दहावी झाले होते, पुढे नोकरीत राहून बारावी केली. पहिल्या दिवशी मला कुणी काही शिकवलं नाही. एक फडकं हातात दिलं आणि सांगितलं, पुसा. मी पुसायला लागले ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत पुसत होते. माझ्याकडे तीन फडकी असत. एक कोरडं, एक ओलसर आणि एक मऊ कातड्याचं, फक्त भिंगांसाठी. ती अदलाबदल झालेली मला खपत नसे. एका प्राध्यापकांनी भिंगाच्या फडक्याने चष्मा पुसला म्हणून मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते, आणि त्यांना ते कळलंही नाही, याचाच मला जास्त राग आला होता.

गावात फिजिक्सची लॅब आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं, इथे सगळं तपासून मिळतं. कुणी चकाकणारा दगड घेऊन येई आणि हिरा आहे का विचारी. कुणी बोअरचं पाणी बाटलीत भरून आणी. एकदा एक म्हातारे गृहस्थ नारायणगडच्या यात्रेतून घेतलेलं तांब्याचं कडं घेऊन आले. विकणाऱ्याने सांगितलं होतं की यातून वीज वाहते, म्हणून गुडघे बरे होतात. मी कड्याच्या दोन टोकांना मीटर लावून दाखवला. म्हटलं, बाबा, वीज जाते हे खरं आहे, त्याने फसवलं नाही. पण ती माझ्या घरच्या घंगाळातूनही जाते. म्हाताऱ्यांनी थोडा विचार केला आणि कडं परत हातात घातलं. मीही आग्रह धरला नाही.

आता मनीषाबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

मनीषा आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवरची. आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे. ही वसतिगृहांत राहून शिकली, एम.एस्सी. झाली आणि आमच्या जोगदंड सरांकडे पीएच.डी.ला आली. बारीक, काटक मुलगी. चालताना जमिनीकडे बघून चालायची, पण काम करताना कुणाला ऐकायची नाही. मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणाली. तसं मला सगळेच मावशी म्हणत, पण डबा खाताना बाजूला येऊन बसणारी ती एकटीच होती.

तिचं काम बिस्मथ फेराइट नावाच्या पदार्थावर होतं. दोन-तीन भुकट्या मोजून घ्यायच्या, खलात तासन् तास घोटायच्या, दाबयंत्रात दाबून रुपयाच्या नाण्याएवढ्या गोळ्या करायच्या आणि भट्टीत भाजायच्या. घोटायला मी बसत असे. माझा उजवा खांदा अजून दुखतो तो त्या खलामुळेच. अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. त्यांच्यातून वीज सहसा जात नाही. मग त्यांच्यातून वीज किती जाते हे मोजायला ही पोरगी पाच वर्षं कशाला घालवते, असं मी तिला एकदा विचारलं.

तिने मला कागदावर शेतं काढून दाखवली. म्हणाली, मावशी, ही गोळी म्हणजे एक शिवार समजा. त्यात लहान लहान वावरं हायत. एका वावरातले सगळे बैल एकाच दिशेला तोंड करून उभे, शेजारच्या वावरातले दुसऱ्या दिशेला. बैल म्हणजे आतला विद्युतभार कुठे झुकलाय ती दिशा. आणि दोन वावरांच्या मधी बांध. हा बांध इतका बारीक असतो की चार-पाच अणू शेजारी ठेवले तर संपला. वावरात पीक उभं हाय, तिथून माणूस जाऊ शकत न्हाई. पण बांधावरून जातो. तशी वीज बांधाबांधाने जाते.

मला ते एकदम पटलं. आमच्याकडे बांधावरून काय काय जातं हे वेगळं सांगायला नको. तिचं म्हणणं असं होतं की भाजलेली गोळी भरकन थंड केली तर आत बांध जास्त पडतात आणि मग वीजही जास्त जायला हवी. हे दाखवता आलं तर तिचा प्रबंध झाला. विद्यापीठाने तिला शेवटची मुदतवाढ दिली होती, ती त्या वर्षाअखेर संपत होती. त्यापुढे नोंदणीच रद्द.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्या लॅबमध्ये दरवर्षी यंत्रांची पूजा होई आणि ती जोगदंड सर करत. त्या वर्षी सर परीक्षेच्या कामाला परगावी गेले होते. आमचे भांडारपाल बाबूराव यांनी ताट तयार केलं. झेंडूची फुलं, हळदकुंकू, अक्षता, गूळखोबरं. बाबूराव माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, कामाला चोख, आणि सामानाच्या नोंदवहीतली रेघ वाकडी झालेली न खपणारे. या बाबतीत आमचं बरं जमे. ते ताट घेऊन पुढे झाले तर मनीषा म्हणाली, पूजा मावशी करतील. रोज या सगळ्याला पुसतं कोण, मावशीच ना.

बाबूरावांनी ताट सोडलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जे चालत आलंय ते चालू द्यावं. उगं यंत्र बिघडलं तर बोल त्यांनाच लागायचा."

ते काय म्हणत होते हे सगळ्यांना कळलं. मालक गेल्यापासून माझ्या कपाळाला काही नव्हतं आणि कुणाच्या हळदीकुंकवाच्या ताटाला माझा हात लागला नव्हता. मी म्हणणार होते की राहू दे, बाबूरावच करतील. तेवढ्यात मनीषाने त्यांच्या हातातून ताट घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

तेव्हा मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला. अठरा वर्षांत मी कुंकवात बोट बुडवलं नव्हतं. मी भट्टीच्या दाराला लावलं, दाबयंत्राच्या दांड्याला लावलं, खलाला लावलं. मग इलेक्ट्रोमीटरपाशी आले. हे आमचं सगळ्यात नाजूक यंत्र. अगदी नगण्य करंटसुद्धा ते मोजतं. त्याला जोडलेली एक डबी असते, तिच्यात गोळी ठेवायची. डबीत टेफ्लॉनची एक पांढरी चकती असते, न चिकटणाऱ्या तव्याला लावतात तेच टेफ्लॉन. चकतीवर दोन टोकं बसवलेली, आणि त्यांच्यामधून वीज फक्त गोळीतूनच जावी म्हणून ती चकती असते. डबीचं झाकण उघडं होतं. मला बाहेरून लावून समाधान होईना. मी आतल्या त्या पांढऱ्या चकतीवर, दोन टोकांच्या बरोबर मधे, ओली हळद लावली आणि त्यावर कुंकू.

हे फक्त आमच्यासारखेच लोक करू शकतात. दुसऱ्या देशात लॅब मोडली तर वादळाने मोडत असेल.

दसऱ्याची सुटी संपल्यावर सकाळी लवकर येऊन मी सगळं पुसून काढलं, नेहमीसारखं ओलसर फडक्याने. चकती पुन्हा पांढरीशुभ्र दिसायला लागली. मनीषा आली तेव्हा डबी बंद होती. पूजेत कुणाचं डबीकडे लक्ष नव्हतं, त्यामुळे आत कुंकू लागलं होतं हे तिला तेव्हा कळलंच नाही.

त्याच आठवड्यात तिने भरकन थंड केलेल्या गोळ्या मोजायला घेतल्या. करंट आला, आणि भरपूर आला. आधीच्या गोळ्यांच्या कितीतरी पट. ती खुर्चीवरून उठली आणि माझे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. सर परत आले, त्यांनी आलेख बघितला आणि पेढे मागवले. दिवाळीनंतर विभागात सादरीकरण करायचं, मग लगेच प्रबंध, असं ठरलं.

एक गोष्ट तिला खटकत होती. सकाळी करंट जास्त यायचा आणि दुपारी कमी. तिच्या हिशेबाने उन्हाने तो वाढायला हवा होता. सर म्हणाले, यंत्र जुनं आहे, मनावर घेऊ नको. मी खल धूत होते. माझ्या हातातला खल तसाच राहिला. पाऊस नुकताच उघडला होता, सकाळी हवा दमट असायची. घरी डब्यातलं मीठ सकाळी ओलं होतं आणि दुपारी सुटं होतं, एवढं मला कळत होतं.

शनिवारी सगळे गेल्यावर दुपारी मी डबी खोलली आणि चकतीचे स्क्रू काढले. स्क्रूच्या भोकाच्या कडेला लाल-पिवळी रेघ होती. चकती खिडकीपाशी तिरपी धरली तर तिच्यावर फडक्याच्या फटकाऱ्यांचे पुसट पट्टे दिसले. म्हणजे मी कुंकू पुसलं नव्हतं, बोअरच्या खारट पाण्यात कालवून सगळ्या चकतीवर सारवलं होतं. वीज गोळीतल्या बांधांवरून जातच नव्हती, माझ्या सारवणावरून जात होती. ज्या पुसण्याचा मला एवढा तोरा होता, त्यानेच घात केला होता.

मी डाग काढायच्या ॲसिटोनची बाटली उघडली आणि परत बंद केली. गुपचूप साफ केलं असतं तर सोमवारी करंट नाहीसा झाला असता आणि पोरगी का, का करत वेडी झाली असती. तसंच ठेवलं तर खोटा आलेख घेऊन सादरीकरणाला उभी राहिली असती. सांगायचं म्हटलं तर बाबूरावांचं वाक्य डोळ्यांसमोर उभं. त्यांनी म्हटलं तेच झालं होतं. माझा हात लागला आणि यंत्र बिघडलं. मी चकती होती तशी परत बसवली.

आठ दिवस मी गप्प बसले. लिहिताना अजून लाज वाटते.

त्या आठ दिवसांत मनीषाची आई येऊन गेली. त्यांची टोळी कर्नाटकाकडे निघायची होती, त्याआधी लेकीला भेटायला एसटीने आली. लॅबच्या उंबऱ्याशी चपला काढल्या. मनीषा सरांच्या खोलीत होती, म्हणून मीच तिला भट्टी दाखवली, गोळ्या दाखवल्या. तिने एक गोळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "ह्या साली व्हईल ना हो बाई हिचं?"

मी होईल म्हणाले. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं, पण त्यानंतर मला गप्प बसवेना. ती लेकीला भेटून एसटी स्टँडवर गेली आणि मी तडक मनीषापाशी जाऊन सगळं सांगितलं. कुंकू, फडकं, स्क्रूचं भोक, आठ दिवस, सगळं.

ती ऐकत होती. समोर आलेख पसरलेले होते. तिने ते एकेक करून उलटे घातले. मग म्हणाली, "कुंकवाचं ऱ्हाऊ द्या मावशी. तुमी आठ दिवस गप कावून बसल्या?"

मी बाबूरावांचं वाक्य सांगितलं. म्हटलं, मला वाटलं सगळे हेच म्हणतील, आणि खरं सांगू का, मलाही तसंच वाटायला लागलंय.

तेव्हा ती रागावली. त्याआधी रागावली नव्हती. ती उठली आणि सरळ भांडारात गेली, बाबूरावांकडून दोन कोऱ्या चकत्या सही करून आणल्या आणि बाबूरावांनाही आणलं. सरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. दोन आठवड्यांचं काम गेलं होतं. मनीषा म्हणाली, सर, काय गेलं ते मग बघू, आधी मला एक मोजायचंय.

दोन्ही चकत्या तिने स्वच्छ केल्या आणि मोजल्या. दोन्हींतून काहीही जात नव्हतं. मग एका चकतीवर मला हळदकुंकू लावायला लावलं, दुसरीवर बाबूरावांना. बाबूराव का-कू करायला लागले तर सर म्हणाले, लावा. दोन्ही चकत्या एकाच ओल्या फडक्याने पुसल्या, एकाच वेळी वाळवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही मोजल्या. आम्ही तिघं मागे उभे होतो. एका चकतीचा आलेख दुसरीच्या आलेखावर बसला. खरं तर बाबूरावांचा करंट किंचित जास्तच होता, कारण त्यांनी बोट दाबून लावलं होतं.

बाबूराव चष्मा पुसत भांडारात गेले. मनीषाने वहीत दोन ओळी लिहिल्या, 'कुंकू, मावशींचा हात' आणि 'कुंकू, बाबूरावांचा हात', आणि सरांची सही घेतली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. अठरा वर्षं लोकांनी मला काय काय समजावलं होतं. माझ्या बाजूने बोलणारेही होते, पण ते दया दाखवून बोलत. या पोरीने मोजून दाखवलं.

मग खरं काम सुरू झालं. आणखी एका कोऱ्या चकतीवर मोजल्यावर तो मोठा करंट नाहीसा झाला. उरला तो अगदी बारीक फरक. भरकन थंड केलेल्या गोळ्यांत थोडी जास्त वीज, हळू थंड केलेल्यांत थोडी कमी. पण तो रोज तेवढाच येई आणि उन्हाने वाढे, जसा वाढायला हवा तसा. दिवाळीच्या सुटीत सरांनी परवानगी काढली आणि आम्ही दोघी रोज दहा ते पाच लॅबमध्ये बसलो. मी घरून करंज्या नेत असे. ती प्रत्येक गोळी तीन-तीनदा मोजायची. मी आता फक्त कोरड्या फडक्याने पुसत असे, आणि पुसण्याआधी तिला विचारत असे.

पण ही वीज बांधांवरूनच जाते, भाजलेल्या कणांच्या फटीतून नाही, हे आमच्या यंत्राने सांगता येत नव्हतं. त्यासाठी सुईचा सूक्ष्मदर्शक लागतो. केसाहून कितीतरी बारीक सुई गोळीवरून फिरवतात आणि कुठे वीज जाते ते टिपतात. सरांनी एका मोठ्या संस्थेतल्या ओळखीच्या माणसाला विनंती केली आणि दोन गोळ्या कापसात गुंडाळून पाठवल्या. महिन्याभराने चित्र आलं. काळंभोर शिवार आणि त्यात उजळ, वाकड्यातिकड्या, बारीक रेघा. बांध. मनीषाने ते चित्र फोनवर आईला पाठवलं. आई तेव्हा कर्नाटकात फडावर होती. तिचा उलट निरोप आला की चांगलं हाय, जेवत जा.

वर्षाअखेरीच्या चार दिवस आधी प्रबंध गेला. तोंडी परीक्षा पुढे उन्हाळ्यात झाली. बाहेरगावचे परीक्षक आले, अतिशय करडे गृहस्थ. सगळा विभाग खोलीत बसलेला. मी आणि बाबूराव मागे चहाच्या टेबलापाशी. परीक्षकांनी दुसराच प्रश्न असा विचारला की मी गाळणी खाली ठेवली. म्हणाले, एवढा बारीक करंट म्हणजे नुसता मळसुद्धा असू शकतो. हा मळाचा नाही कशावरून?

मनीषाने प्रबंधाच्या शेवटची आकृती काढून दाखवली. मळातून गेलेली वीज कशी असते, ती दमट हवेत कशी वाढते आणि उन्हात कशी कमी होते, आणि तिची वीज याच्या बरोबर उलट कशी वागते, हे तिने शांतपणे सांगितलं. आमचं कुंकू तिच्या प्रबंधाचा सगळ्यात भक्कम पुरावा झालं होतं. परीक्षकांनी आकृती जवळ घेतली आणि त्यांचा चेहरा थोडा सैल पडला. मग विचारलं, मळ तपासायला एक नमुना पुरला असता, ही दोन माणसांच्या हातांची नोंद कशाला?

मनीषा म्हणाली, सर, एक शंका होती, ती काढून टाकायची होती.

"कुणाची शंका?"

तिने मागे वळून पाहिलं नाही, जोगदंड सरांनी पाहिलं नाही, कुणीच नाही. मी खाली कपांकडे बघत होते.

माझ्या शेजारून बाबूराव म्हणाले, "माझी व्हती सायेब. ती चुकीची निघाली."

परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. बाबूरावांनी किटली उचलली आणि पहिला कप भरून माझ्यासमोर ठेवला.